पूर्वदारीचा पहारा

जो गेला आणि पुन्हा येतो ऐसे वचन देऊन गेला, त्या धनी येशू राजांचे चरणी मस्तक ठेवोन, शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरी आमचे राज्यात जे वर्तमान जाहले ते लिहितो. लिहिणार मंडळीचे दप्तरी बसणारा एक इसम. नाव लिहीत नाही, कारण या हकिकतीत त्याने जे केले ते पुढे येईल, आणि ते वाचोन त्याचे नावाने कोणी बरे बोलेल ऐसे नाही.

राज्य म्हणजे केवढे, तर एक दगडी देऊळ, त्यास पूर्वेकडे दार, दारापुढे सात पायऱ्या, आणि भोवती साठ घरांची ख्रिस्ती वस्ती. एवढेच. परंतु आमचे वडील यास राज्यच म्हणत, कारण सिंहासन धन्याचे आणि आपण राखणदार, ऐसे त्यांचे मनी पक्के होते. धनी स्वर्गी गेले ते एके दिवशी पूर्वेकडोन परत येणार, दिवस कोणता हे कोणास सांगितले नाही, तेव्हा कोणी तरी दारी असावे, म्हणोन वडिलांनी वहिवाट घातली की दर रविवारी उपासनेस आरंभ होण्यापूर्वी एका घरचे एक माणूस पूर्वदारी बाहेर तोंड करोन बसावे, आणि आतून सर्व मंडळीने पुसावे, "दारी कोण?" आणि दारच्याने आपले व बापाचे नाव घेऊन म्हणावे, "जागा आहे." मग मंडळीने पुसावे, "धनी?" आणि दारच्याने म्हणावे, "वाटेवर." मग पहिले गीत लागावे, आणि उपासना संपेतो त्याने पाठ फिरवू नये. ज्या घरची पाळी त्या घरी शनिवारीच अंगण सारवले जाई, धुवट कपडे काढिले जात, आणि मी बसतो, मी बसतो, ऐसे भावाभावांत भांडण लागे. हे आमचे लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे, ऐकीव नाही.

मग राज्यास उतरती कळा लागली. कोणी परचक्र आले नाही, कोणी छळ केला नाही, कोणी देवळास कुलूप घातले नाही. तसे होते तर बरे होते, चार शूर निघाले असते. येथे नुसती सवड गेली. आज पाहुणे आहेत, आज क्रिकेटचा सामना आहे, आज पोराची शिकवणी आहे, ऐसे म्हणता म्हणता साठ घरांतील चाळीस घरांनी पाळी सोडिली. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन या तीन कामांपुरते लोक राज्यात येऊ लागले, आणि नाताळास मात्र तांबड्या टोप्या घालोन एवढी गर्दी करीत की पायऱ्यांवर उभे राहोन आपापल्या छब्या काढिता याव्या म्हणोन दारच्या राखणदारास "जरा बाजूला सरा" ऐसे सांगत. उपदेश चालू असता हातातील काचेवर बोटे फिरत. आम्हीही फिरवीत होतो. पाळकसाहेब तीन तीन वर्षांनी बदलोन जात, ते येताना तावातावाने बोलत आणि जाताना नुसते हात जोडीत. ऐसे होता होता दारी एकच माणूस उरला, त्याचे नाव शांतवनराव ओहोळ.

हे शांतवनराव पूर्वी कालव्यावर पाणी सोडण्याचे चाकरीस होते. चाकरी सुटली, बायको वारली, डोळ्यांस दिसेनासे जाहले, तरी सर्वांच्या पाळ्या एकट्याने चालवीत. दर रविवारी काठी टेकीत येत, दारी बसत, आणि आतून "दारी कोण" ऐसा आवाज येई तो अलीकडे बारा-पंधरा जणांचाच येई, तरी ते पूर्वीचेच जोराने म्हणत, "शांतवन येशूदास, जागा आहे." त्यांस एकच चिंता होती, की आपणामागे दारी कोण. एक मुलगी, हन्ना नावाची, इस्पितळात परिचारिका होती, तिजवर आशा ठेविली होती, परंतु ती म्हणे, "बाबा, मी आठवडाभर आजाऱ्यांच्या उशाशी जागते, एक रविवार मला झोपू द्या." आणि शांतवनराव आमचे ओटीवर येऊन बसत आणि म्हणत, "पोरगी खोटं बोलत न्हाई. पर दार रिकामं राहिलं तर मी धन्याला काय तोंड दाखवू?" आम्ही म्हणत असू, आण्णा, होईल काही तरी. आपण बसतो ऐसे आम्ही एकदाही म्हटले नाही.

त्या साली भाद्रपदमासी परमुलखातून आमोसबुवा नामे भविष्यवादी आपले लवाजम्यानिशी आले. बरोबर कर्णे, गायक, आणि एक थोरला कापडी पट. त्यावर सात डोक्यांचे श्वापद, दहा शिंगे, रक्तासारखा चंद्र आणि उलथलेली नगरे रंगविली होती. बुवांनी छडी हाती घेऊन एकेका शिंगावर टेकविली आणि अमके युद्ध, तमका भूकंप, अमकी महामारी ऐसे सांगत वर्षे मांडिली, आणि त्यांतून दिवस काढिला तो मार्गशीर्ष शुद्ध नवमी, रविवार, बरोबर दोन प्रहरी धनी मेघांवरोन येणार. आम्ही दप्तरी बसणारे, आम्ही ती बेरीज घरी आणोन ताडोन पाहिली. बेरीज चुकली नव्हती. मग राज्यात जी धावपळ उडाली ती काय सांगावी! ज्यांनी दहा वर्षे देऊळ पाहिले नव्हते ते पहाटे येऊन गुडघे टेकू लागले, बोलचाल सुटलेले भाऊ एकमेकांचे गळा पडोन रडले, आणि कारभारी जखऱ्यापंत, जे मंडळीचे वडील, त्यांनी आपले बारा एकर काळे रान ऐन ज्वारीचे पेरणीस तसेच ठेविले. "पेरायचं कशाला? खायला कोण राहणारंय?" ऐसे म्हणाले, आणि तीस घरांनी त्यांचे पाहोन चाड्यावर मूठ धरिली नाही. पूर्वदारी बसावयास तर झुंबड लागली, एकेका रविवारी सात सात जण बसू लागले, आणि त्यांत हन्ना पहिली.

तिचे खरेपण लिहिणे प्राप्त आहे. बाकीचे भयाने आले. ती आली ती एकदा मन दिले म्हणोन सगळे देऊन आली. माघमासी तिचे लग्न ठरले होते, मुलगा शिक्षक, माणूस चांगला, तिचेही मनात भरला होता. तिने त्यास निरोप केला की आता जगाचेच दिवस थोडे राहिले, लग्न कसले करिता, प्रार्थना करा. तो दोनदा येऊन समजावोन गेला, तिसऱ्यांदा आला नाही. आणि ती दर रविवारी बापाशेजारी बसोन म्हणे, "हन्ना शांतवन, जागी आहे," तेव्हा शांतवनरावांचे मुखावर जे तेज दिसे ते आम्ही त्यांचे बायकोचे मरणानंतर प्रथमच पाहिले. एके दिवशी एकांती आम्ही पुसिले, आण्णा, दिवस कोणास सांगितला नाही ऐसे तुम्हीच आम्हांस लहानपणी शिकविले, मग बुवांस कसा कळला? तर म्हणाले, "असू दे. दार भरलंय ना."

मग तो रविवार उगवला. सर्व राज्य पांढरी वस्त्रे नेसोन पायऱ्यांवर आणि अंगणात उभे राहिले, लेकरे, म्हातारी, खाटेवरील आजारी देखील आणिले, आणि गीत चालू जाहले. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, आणि बारास आवाज इतका चढला की आता आभाळ फाटेल ऐसे वाटले. मग बारा वाजोन पाच मिनिटे जाहली, आणि दहा जाहली. कोणी गीत थांबवीना, कारण थांबविणार तो पहिला नास्तिक ठरणार. एक वाजता एका लेकराने भाकरी मागितली आणि त्याची आई खाली बसोन रडू लागली, तेव्हा गीत तुटले. आमोसबुवा म्हणाले की तुमचे विश्वासात उणे पडले म्हणोन धनी वाटेतूनच माघारी फिरले, आणि जेवावयास न थांबता गाडीत बसोन गेले. लोक हळूहळू घरी गेले. कोणी कोणाकडे पाहिले नाही. पुढे नवव्या दिवशी नाताळ आला, तेव्हा देवळात मोजोन अकरा माणसे होती, आणि वस्तीभोवतालची रिकामी रानं हिवाळाभर काळी पडोन राहिली ती देवळातून दिसत. जखऱ्यापंत म्हणाले, "आपण आता शहाण्यासारखं राहायचं." शहाण्यासारखे म्हणजे अर्धा तास उपासना, आणि धनी, मेघ, पूर्व हे शब्द कोणी काढू नयेत.

हन्नाने त्या नवमीचेच सायंकाळी बापास विचारिले. आम्ही ओटीवर होतो, आमचेदेखत विचारिले. म्हणाली, "बाबा, तुम्ही चाळीस वर्षं त्या दारात बसलात. तारीख कुणाला लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं का नव्हतं?"

"व्हतं," शांतवनराव म्हणाले.

"मग मला का नाही सांगितलंत? मी ठरलेलं लग्न मोडत होते, तेव्हा तुम्ही शेजारी बसून होता."

"तू पहिल्यांदा आपणहून दारात बसलीस, बाय. मला बरं वाटलं. म्हणून गप राहिलो."

ती ओरडली असती तर म्हाताऱ्यास सोसले असते. ती उठली, भाकऱ्या केल्या, बापास वाढिले, भांडी घासिली, आणि पौषमासी समुद्रापलीकडील मुलखी इस्पितळाचे चाकरीस निघोन गेली. जाताना पाया पडली, परंतु बोलली नाही. त्या शिक्षकाचे लग्न पुढे दुसरीशी जाहले. शांतवनराव पुन्हा एकटे दारी बसू लागले, आता जाब देताना आवाज बसे, आणि आम्हांस म्हणत, "खोट्यानं दार भरलं ते मी भरू दिलं. माझाच पहारा चुकला." आणि ते खरे होते.

फाल्गुनात त्यांस ताप भरला आणि तीन रविवार उठवेना. दारी कोणी नाही. जखऱ्यापंत गृहस्थ वाईट नव्हेत, वडिलांची वहिवाट आपले कारकीर्दीत मोडली ऐसे नको म्हणोन त्यांनी तोड काढिली. हन्नास मोबाईलवर निरोप पाठविला की तुझे वडील आजारी, दार रिकामे, तुझा गळा चांगला, जाबाचे दोन शब्द बोलोन धाड. तिने चाकरीवर असताच तेवढे बोलोन धाडिले, आणि खाली लिहिले की बाबांस सांगू नका. पंतांनी दारावर कर्णा बसविला. आतून आठ-दहा जण "दारी कोण" म्हणत, पंत खिशात हात घालोन कळ दाबीत, आणि रिकाम्या दारातून जाब येई. मंडळीस ती सोय बहुत पसंत पडली. एकाने म्हटले की आवाज पूर्वीपेक्षा स्वच्छ येतो.

चवथ्या रविवारी शांतवनरावांनी हट्ट धरिला की मज दारी न्या. अंगी त्राण नाही, दृष्टी गेलेली, आम्ही हात धरोन नेत होतो, वाटेत तीनदा बसले, म्हणोन उशीर जाहला. देवळाचे अंगणात पोहोचतो तोच आतून मंडळीने पुसिले, आणि दारातून मोठ्याने आले, "हन्ना शांतवन, जागी आहे." शांतवनराव जागीच खिळले. त्यांचे हाताची बोटे आमचे मनगटात रुतली. आतून पुसिले, "धनी?" आणि तिचाच आवाज आला, "वाटेवर."

"आली?" ते म्हणाले. "हन्ना आली? दारात बसलीये?"

आम्ही दाराकडे पाहिले. उंबऱ्यावर एक कुत्रे निजले होते. आमचे जन्मात आम्ही पुष्कळ खोटे दप्तरी लिहिले, परंतु त्या दिवशी तोंडाने बोलिलो. म्हटले, "होय आण्णा. आली. बसलीये."

"कशी दिसतीय?"

"बरी दिसतेय. वाळलीये थोडी."

म्हाताऱ्याने डोळे पुसिले, दोन पायऱ्या चढले होते त्या उतरले, आणि म्हणाले, "मग मला घरी ने. आता तिला बोलवू नको, पाठ फिरवायची नसते. मला चाळीस वर्षांची झोप आलीये बघ." घरी आणिले, खाटेवर निजविले, पांघरूण घातले. चेहरा इतका सुटलेला होता की खरे सांगावे ऐसे जिभेवर आले ते आम्ही गिळिले. कूस बदलताना म्हणाले, "उपासना सुटली की तिला एवढं सांग, धनी आले तर मला हाक मार म्हणावं. मी झोपलो असंन." आणि झोपले. ते दुपारी उठले नाहीत, सायंकाळी उठले नाहीत. सोमवारी मंडळीचे स्मशानात पूर्वेकडे पाय करोन पुरिले. हन्नास रजा मिळाली नाही.

तात्पर्य, आमचे राज्य कोणी बुडविले नाही. जाब दर रविवारी वेळेवर येतो, उपासना अर्ध्या तासात आटोपते, आणि पूर्वदारी कोणी बसत नाही, लिहिणारही बसत नाही. शांतवनरावांचा निरोप आम्ही हन्नास अद्याप कळविला नाही. कळवावा तर, दारात तूच होतीस ऐसे मी तुझे बापास सांगितले, हेही लिहावे लागते. लेखनसीमा.