पाच, चाळीस आणि साडेबावीस

एका जंगलात, बाळांनो, नदीचं दफ्तर होतं. साठ वर्षांत किती पूर आले, कुठलं टेकाड बुडलं, कुठलं वाचलं, त्या सगळ्याचे नकाशे एका जुन्या पेटीत साठवलेले होते. पेटी सांभाळायला सगुणाबाई साळिंदर होत्या. पेटी घरघरायची. सगुणाबाई तिला फुंकर मारायच्या, मग ती चालायची. दोघींचं बरं जमत होतं.

एके दिवशी सकाळी खालच्या रानातून यमुनाक्का पाणमांजरीचा फोन आला.

"सगुणाताई, वर धरणाचे दरवाजे उघडलेत. दोन वाजेपर्यंत पाणी आमच्याकडे येतंय. आमच्याकडे ससे आहेत, मोरांची पिल्लं आहेत. कुठल्या टेकाडावर न्यायचं सगळ्यांना? नकाशे पाठवा."

"पाठवते," सगुणाबाई म्हणाल्या.

पण जंगल सुधारलेलं होतं. तिथं काहीही पाठवायचं तर आधी फॉर्म भरावा लागे. फॉर्मवर दोन रकाने होते. पेटी सेकंदाला किती देते, आणि टॉवर सेकंदाला किती नेतो. दोन्ही आकडे सारखे असले तरच सही मिळे.

पेटीवर लिहिलं होतं, पाच मेगाबाइट. टॉवरवर लिहिलं होतं, चाळीस मेगाबिट.

आता तुम्ही शहाणी मुलं आहात, म्हणून सांगतो. बिट म्हणजे एक दाणा. आठ दाण्यांची एक मूठ, ती बाइट. पेटीवाले मुठी मोजतात, टॉवरवाले दाणे मोजतात. पाच मुठी म्हणजे चाळीस दाणे. सगुणाबाईंनी पाचाला आठानं गुणलं आणि दोन्ही रकान्यांत चाळीस लिहिलं.

टॉवर खात्याचे साहेब, खंडेराव कोल्हे, यांनी फॉर्म उन्हात धरून पाहिला.

"बाई, पेटीवर पाच लिहिलंय. तुम्ही चाळीस लिहिता?"

"आठानं गुणलं, साहेब. एका बाइटमध्ये आठ बिट असतात."

"कुणाच्या आदेशानं?"

सगुणाबाईंच्या लहानपणापासून आठच होते. कुणी आदेश काढल्याचं त्यांच्या ऐकण्यात नव्हतं.

प्रकरण दरबारात गेलं. सिंह महाराजांनी तिथल्या तिथे समिती नेमली. अध्यक्ष हत्ती, सदस्य रेडा आणि खंडेराव. साडेनऊला बैठक सुरू झाली.

"आमचा टॉवर चाळीसचा," खंडेराव म्हणाले. "त्याला पाचाची पेटी जोडायची म्हणजे टॉवरचा अपमान आहे. आधी चाळीसची पेटी आणा."

"दोन्ही एकच आहेत हो," सगुणाबाई म्हणाल्या. "नकाशे नऊ हजार मेगाबाइट आहेत. अर्ध्या तासात जातील. ते लहान लहान गठ्ठ्यांनी जातात आणि प्रत्येक गठ्ठ्यावर पत्ता घालावा लागतो, त्याची चार मिनिटं वर धरा."

रेड्यानं खुरावर हिशेब करून पाहिला. "बाई हुशार आहेत," तो म्हणाला, "पण एकदम आठपट म्हणजे जास्त होतं. दुपटीवर मिटवू या."

अध्यक्ष हत्ती सज्जन होते. त्यांना कुणाचं मन मोडवत नसे. "दोघांचाही मान राखू," ते म्हणाले. "पाच आणि चाळीस, मिळून पंचेचाळीस. त्याचे निम्मे साडेबावीस. तोच दर ठरवू."

"साडेबावीस काय?" सगुणाबाईंनी विचारलं. "बिट की बाइट?"

"ते पुढच्या बैठकीत घेऊ."

सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा आला. घड्याळात अकरा वाजले होते.

सगुणाबाईंच्या पाठीवरचे काटे आपोआप उभे राहिले. एरवी ते राग आला की उभे राहत. आज राग नव्हता. त्यांना एकसारखी मोरांची पिल्लं दिसत होती, ज्यांना अजून धड उडता येत नाही. बत्तीस वर्षं त्यांनी एकही कागद सहीशिवाय हलवला नव्हता.

"मी जरा पाणी पिऊन येते," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

त्या थेट पेटीपाशी गेल्या. फुंकर मारली. पेटीची वायर टॉवरच्या खोक्यात खुपसली आणि बटण दाबलं. पेटी घरघरली आणि देऊ लागली. टॉवर नेऊ लागला. त्या दोघांनी एकमेकांना दर विचारला नाही.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी यमुनाक्कांचा फोन आला. "सगळे नकाशे पोचले, ताई. जांभळीचं टेकाड एकदाही बुडालेलं नाही. निघालोच आम्ही."

सगुणाबाईंनी फोन ठेवला. मग खरोखरच पाणी प्यायल्या.

दोन वाजता पाणी आलं. तोवर खालच्या रानातले सगळे जांभळीवर चढले होते. एक म्हातारी घोरपड तेवढी कुरकुरत होती, कारण तिला सशांशेजारी जागा मिळाली होती.

पूर ओसरला आणि सगुणाबाईंची चौकशी लागली.

"कुठल्या दरानं पाठवलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"पेटीनं जेवढं दिलं तेवढंच टॉवरनं नेलं, अध्यक्षमहाराज."

"म्हणजे साडेबावीस नाही?"

"नाही."

समिती गंभीर झाली. दर ठरण्याआधीच नकाशे पोचले होते. तेव्हा नियमानं ते पोचलेच नव्हते, आणि न पोचलेली वस्तू स्वतःजवळ ठेवणं बरं नव्हे. लगेच खालच्या रानाला पत्र गेलं, की नकाशे ताबडतोब परत पाठवा.

यमुनाक्कांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. सगुणाबाईंनी ते भर बैठकीत वाचून दाखवलं, आणि वाचताना त्यांना हसू काही आवरेना.

"आनंदानं पाठवते. कुठल्या दरानं पाठवू, तेवढं कळवा."

समिती अजून बसलेली आहे.

तात्पर्य: बाळांनो, आठाचा पाढा पाठ करू नका. झालाच पाठ, तर बैठकीत म्हणू नका. पाणी प्यायला म्हणून उठा.