लिंबाजीरावांच्या नावेचं इंजिन

पूर्णा जंक्शनला पहिल्यांदाच लॉरी घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला दोन गोष्टी सोसाव्या लागत. एक स्टेशनबाहेरचा चहा आणि दुसरे आमचे लिंबाजीराव. चहाला निदान नको म्हणता येत असे.

लिंबाजीराव रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली दबा धरून उभे असत. अंगात रेल्वेचा काळा कोट, त्याची पितळी बटणं चिंचेनं घासून लखलखीत केलेली, डोक्याला पटका. समोर रस्त्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं आडवी मारलेली चुन्याची रेघ. लॉरी असो, जीप असो, भरधाव आली की हे एकदम पुढे होऊन हात वर करीत. ड्रायव्हर बिचारा घाबरून ब्रेक दाबी. त्याला वाटे, पुढे पूल खचला किंवा कुणाला दवाखान्यात न्यायचंय. तो उतरेपर्यंत लिंबाजीराव खाली वाकून, गाडी रेघेच्या किती पुढे गेली ते कोपरापासून हातानं मोजायला लागलेले असत.

"साडेचार हात. नापास."

"कशात नापास?"

"मला नाव न्यायची हाय येलदरीला. मोठी हाय."

"मग ओढते की माझी गाडी."

"वडती किती ते सोडा. थांबती का ते सांगा."

जो ड्रायव्हर थांबतच नसे, त्याच्या धुळीकडे पाहूनही ते 'नापास' म्हणत. दोन वर्षांत या परीक्षेला अर्ध्या मराठवाड्याची वाहनं बसली असतील. पास एकही झालं नाही. मी शाळेत मराठी शिकवतो, निकाल माझेही कडक असतात, पण इतका निर्दय परीक्षक मी पाहिला नाही.

मी या गृहस्थांचा शेजारी. हे मी अभिमानानं सांगत नाही. लिंबाजीराव रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते आणि नोकरी सुटल्यावर स्टेशनमागच्या आमच्या गल्लीत एकटेच राहत होते. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. येलदरीला पूर्णा नदीवर धरणाची भिंत घालायचं काम निघालं, ही बातमी आमच्याकडे आली तेव्हा आम्ही सगळे वीज येणार म्हणून खूश झालो. लिंबाजीराव उठून गेले आणि भंगारातल्या वॅगनच्या फळ्या आणून नाव बांधायला बसले. भिंत झाली की तिथं पाणी तुंबणार, मैलोगणती पसरणार, मग नाव नको का, असं त्यांचं म्हणणं. आता येलदरी कुठं आणि पूर्णा कुठं. मधे परभणी, जिंतूर, पाऊण दिवसाची लॉरीची वाट. नाव तिथंच का बांधत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "हत्यारं हितं हायत."

नाव झाली. झाली म्हणजे, जन्मभर इंजिन हाकलेल्या आणि पोहायलाही न येणाऱ्या माणसाच्या हातून जशी व्हायची तशी झाली. समोरून ती वॅगनसारखी दिसे आणि मागूनही वॅगनसारखीच दिसे. रंग काळा. लांबी समजू शकतो, पण रुंदी इतकी की नावेत लग्नाची पंगत बसावी. कहर म्हणजे आत तळाला दोन लाकडी पट्ट्या समांतर ठोकलेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि कडेला चार लोखंडी कड्या. मी बायकोला दाखवून म्हटलं, "बघ, रेल्वेचा माणूस. नावेतसुद्धा रूळ टाकल्याशिवाय चैन पडलं नाही." पुढे सहा महिने भेटेल त्याला मी हा विनोद ऐकवला.

विनोद संपला, नाव राहिली. लॉरीच्या चार जुन्या चाकांवर चढवून ठेवलेली ती वस्तू बरोबर माझ्या दारासमोर उभी होती. अंगणातलं ऊन गेलं. धुणं वाळेना. हिनं घातलेल्या सांडग्यांना बुरशी आली. गल्लीतल्या शेळ्या आत चढून व्यायला लागल्या आणि लिंबाजीराव कोट काढून त्यांची बाळंतपणं करू लागले. मग मात्र मी ठरवलं की या माणसाला इंजिन मिळालंच पाहिजे, नाहीतर माझ्या संसाराला ऊन मिळणार नाही.

पहिल्यांदा मी रस्त्याचं कंत्राट घेतलेल्या एका गुत्तेदाराची जीप आणली. लष्कराच्या लिलावातली, दिसायला झोकदार. लिंबाजीरावांनी बॉनेट उघडलं, स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावलं, डोळे मिटले. इंजिनाची नाडी बघायची ही त्यांची रीत.

"खोकायली."

"लिंबाजीराव, लढाई मारून आलीय ती."

"मंग तवाच खोकला लागला आसंल. गुरुजी, ही जिंतूरच्या उताराला लागली की नाव हिला मागून ढकलनार. हिच्यापेक्षा नाव जड. दोगी मिळून नदीत."

मग मानवतहून रुईच्या गाठी वाहणारी लॉरी आणवली. ताकदीला तोड नाही. पण ती थांबवायची म्हणजे मागून एक जण उडी टाकून चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवी. ते पाहून लिंबाजीरावांनी हात मोजायचेही कष्ट घेतले नाहीत.

तिसऱ्या खेपेला मी चिडून सरकारी शेतावरचा ट्रॅक्टर आणवला. तो बरोबर रेघेवर थांबला. इकडे नाही, तिकडे नाही. मी विजयी मुद्रेनं त्यांच्याकडे पाहिलं.

"हे थांबलं कुटं?" ते म्हणाले. "हे चालतच न्हवतं. थांबाय आधी निघावं लागतंय गुरुजी."

राहता राहिला रहीमभाईंचा ट्रक. रहीमभाई धरणाच्या कामावर सिमेंट नेत. आठवड्यातून दोनदा पूर्णा ते येलदरी, म्हणजे देवानंच पाठवलेला माणूस. नाव फुकट ओढून न्यायला तयार. ट्रक जुना, पण इंजिन बैलासारखं सोशिक. त्याला लिंबाजीरावांनी एकदा चार हातांनी आणि एकदा अडीच हातांनी नापास केलं.

"डायवरसाब, अडीच हात कुछ भी नहीं होता," रहीमभाई काकुळतीला येऊन म्हणाले. "अन् आदी सांगत जा ना, हात कव्हा करनार ते. आचानक मधेच येतेत तुमी."

"सांगून काय उपेग? सांगून कुनीबी थांबंल."

म्हणजे परीक्षा इंजिनाची, की ब्रेकची, की ड्रायव्हरची, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. मी तसं विचारलंही. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "इंजिन आन् डायवर येकच आसतंय. तुमाला खडूतलं कळतंय, तेवढं बघा."

आणखी एक खूळ. दर भाऊबीजेला हे गृहस्थ कोरं धोतर नेसून सकाळच्या मोटारीनं येलदरीकडे जात आणि दुसऱ्या दिवशी परत येत. कुठं गेला होता विचारलं, की उत्तर ठरलेलं. "पानी मोजाय गेलतो." नवं धोतर नेसून नदीचं पाणी मोजणारा माणूस! मी हेही लोकांना हसत सांगत असे.

गेल्या पावसाळ्यात माझा संयम सुटला. नावेत पाणी साचून बेडूक झाले होते. मी नगरपालिकेच्या नावे सणसणीत अर्ज लिहिला. सदर नौका सार्वजनिक रस्त्यातून हटवावी, न हटवल्यास फोडून विल्हेवाट लावावी. आणि पाठीमागून वार केला असं व्हायला नको, म्हणून तो लिंबाजीरावांना वाचून दाखवायला गेलो.

ते नावेला टेकून बसले होते. सगळा अर्ज शांतपणे ऐकून घेतला.

"तुमचं मराठी लय चांगलं हाय," ते म्हणाले. "आमचं सगळं शिक्षण उर्दूत झालं. येक कागद मलाबी लिहून द्या. मंग तुमचा अर्ज खुशाल द्या."

"कुणाला लिहायचंय?"

"आक्काला."

यांना बहीण आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी दौत-टाक आणला, 'तीर्थस्वरूप अक्कास' असं वळणदार काढलं आणि थांबलो.

"लिहा, नाव झाली."

"पुढं?"

"येवढंच."

"अहो, खुशाली, नमस्कार, काही तरी. नाव कशासाठी झाली ते तरी."

तेव्हा लिंबाजीराव बोलले. माझ्याशी नाही, त्या नावेच्या चाकाशी बोलल्यासारखे.

अक्काचं गाव येलदरीच्या पलीकडच्या काठाला, उंचावर. पोलीस ॲक्शनच्या अगोदरच्या उन्हाळ्यात तिकडची माणसं रझाकारांच्या भीतीनं घरंदारं टाकून निघाली होती. अक्काही पोरंबाळं छकड्यात घालून रेल्वेच्या रुळाकडे आली. एका लहानशा स्टेशनावर छकडा उभा केला. तिला माहीत होतं, मेलवर आज लिंबाजी आहे. मेल तिथं थांबत नसे. पण भावाची गाडी थांबेल, एवढा तिचा हिशेब.

"सिग्नल पडल्याला होता," ते म्हणाले. "म्हंजी वाट मोकळी. वाट मोकळी आसल्यावर थांबायचं न्हाई, आसा कायदा. लांबूनच दिसली. छकड्यात उभी ऱ्हाऊन हात वर केलेला. मी शिट्टी दिली. दोन येळा दिली. आन् गेलो."

"मग?"

"मंग काय. तीन दिवस छकड्यात बसून गेली पोरं घिऊन. वाचली सगळी. पन मला निरोप धाडला. मनली, मला छकड्यानं नेलं, भावानं न्हाई. इथून पुढं मी छकड्याबिगर कशातबी बसनार न्हाई आन् तू माज्या दारात यायचं न्हाई."

मी टाक हातात धरून बसलो होतो. शाई वाळून गेली.

"भाऊबीजेला जातो अल्याड काठाला. तिचं घर दिसतंय तिथून. गुडघाभर पानी आसतंय, पाय भिजवून जाता येतंय. पन गेलो न्हाई कव्हा. आता भिंत झाली की जातो मनलं तरी जाता येनार न्हाई, गुरुजी. मनून ही नाव. पन नेली आन् ती दाराबाहेर आलीच न्हाई तर काय करायचं?"

दोन वर्षं लॉऱ्या का नापास होत होत्या, ते मला त्या एका वाक्यात कळलं. आजपर्यंत मी त्यांना नाही नाही ते बोललो होतो, त्याची मला लाज वाटली. कागदावर मी 'नाव झाली' एवढंच लिहिलं. खाली त्यांनी उर्दूत सही केली.

अर्ज मी नगरपालिकेत दिला नाही. हिला सांगितलं, मुख्याध्यापकांची शिफारस हवी, वेळ लागेल.

तीन आठवड्यांनी दुपारच्या टपालानं कार्ड आलं. अक्काच्या गावातल्या कुणा शिकणाऱ्या पोराचं अक्षर, ओळी वर चढलेल्या. लिंबाजीरावांनी ते माझ्या हातात दिलं आणि स्वतः पाठ फिरवून उभे राहिले. मी वाचलं.

"लिंब्यास. कागद पावला. मी आता म्हातारी झाले. छकड्यातून उतरनार न्हाई म्हणजे न्हाई. तुज्या नावेत छकडा बसतो का, ते कळीव. बसत आसला तर पानी चढायच्या आत ये."

मी मान वर केली. समोर नाव होती. पंगतीएवढी रुंद. तळाला दोन समांतर पट्ट्या, छकड्याच्या दोन चाकांमधल्या अंतरावर नेमक्या ठोकलेल्या, आणि कडेला बैल बांधायच्या कड्या. ज्यांना मी सहा महिने रूळ म्हणून हसत होतो, ते रूळ नव्हते.

"बसतो का?" तरीही मी विचारलं.

"दोन बोटं जागा उरतीय," लिंबाजीराव म्हणाले आणि ते कार्ड घेऊन तसेच रस्त्याकडे पळत सुटले. काळा कोट घरीच राहिला. मी त्यांच्या मागे.

रहीमभाईंच्या ट्रकची यायची वेळ झालीच होती. पावसानं चुन्याची रेघ धुऊन नेली होती. नवी मारायचं त्यांना सुचलंही नाही. ट्रक वळणावर दिसला, तसा त्यांनी कार्डासकट हात वर केला. कोट नाही, रेघ नाही, रहीमभाईंनी त्यांना ओळखलंच नसावं. ट्रक आमच्या अंगावर चिखल उडवून सरळ पुढे निघून गेला. लिंबाजीरावांचा हात तसाच वर. मग लांबवर, पार हौदापाशी, ब्रेक करकरले आणि ट्रक उभा राहिला.

रहीमभाई खाली उतरले, मागे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला आणि चालत आले. "मोजा डायवरसाब. आज तर साठ-सत्तर हात होतील. लिहून टाका, नापास."

लिंबाजीराव वाकले नाहीत. धोतराच्या सोग्यानं त्यांनी आधी कार्डावरचा चिखल पुसला, मग डोळे पुसले.

"उशिरानं का हुईना, थांबलास न्हवं?" ते म्हणाले. "लय झालं. दोर आन, नाव जोडू."

मी शेळ्यांना नावेतून खाली उतरवायला गल्लीत गेलो.