बाजेवरचा जावई

तोंडात घास असताना माणसानं कोणताही निर्णय घेऊ नये, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. मी घेतला, आणि तोही सासुरवाडीत.

संक्रांतीला आम्ही खडकवाडीला गेलो होतो. ताटात तिळाची पोळी, पोळीवर तुपाची धार आणि समोर सासूबाई पंचफुलाबाई 'आणखी एक घ्या' म्हणत उभ्या. तेवढ्यात मेहुणा हनुमान म्हणाला, "दाजी, औंदा सव्वीस जानेवारीला आमचं मंडळ भवानीच्या डोंगराची शर्यत घेऊन राहिलं. शाळेपासून वर चढायचं, देवळाला वळसा, पल्याड सावरखेड्याच्या शिवंवरून खाली आन् परत शाळा. आपलं हिंगोली आता येगळा जिल्हा झाला, मग कायतरी नवं नको का?"

"माझंही नाव लिही," मी म्हणालो. (मी कसला म्हणतोय? तूप बोललं.)

सासूबाईंच्या हातातली पोळी हातातच राहिली. सासरे संपतराव यांचा सगळा जन्म मेंढरांमागे हाच डोंगर चढण्या-उतरण्यात गेलेला. ते पाणी पिता पिता थांबले. हनुमाननं मात्र अगदी गंभीरपणे विचारलं, "मग बाज तयार ठेवू का?"

आता हे बाजेचं सांगायलाच हवं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी याच डोंगरावर देवीच्या दर्शनाला गेलो होतो. देवळाच्या पायरीवर माझे गुडघे जे बसले, ते काही केल्या उठेनात. शेवटी चौघांनी मला बाजेवर घालून खाली आणलं. ऊन लागू नये म्हणून सासूबाईंनी वरून पांढरं धोतर पांघरलं होतं. वाटेत एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हात जोडले, तेव्हा मी धोतरातून तोंड काढून त्याला "राम राम" केला. तो बिचारा पुढे कितीतरी दिवस तापानं फणफणला म्हणे. तेव्हापासून पंचक्रोशीत माझं नाव 'बाजेवरचा जावई'. विश्वंभर हे नाव फक्त ऑफिसात चालतं, तेही साहेब चिडलेले असले तर.

परत येताना एसटीत माझी बायको सत्यशीलानं तिकिटं रुमालात बांधली. मग म्हणाली, "नंबर-बिंबर नको मला. फकस्त सोताच्या पायानं खाली या. इतकी वर्सं झाली, माहेरी ते बाजेचं ऐकून राहिले. हसते मी बी त्यांच्यासंगं. पण बरं वाटत न्हाई हो."

मला एकदम वाईट वाटलं. ही बाई बाजेवर हसते तेव्हा तिला खरंच हसू येतं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्याच दिवशी मी ठरवलं, आता माघार नाही. मग रोज सकाळी स्टेशन रोडला पळायला जाऊ लागलो. (स्टेशन रोडला भज्यांचा गाडा आहे, हा माझा दोष नाही.)

पंचवीस तारखेला आम्ही खडकवाडीत दाखल झालो. संध्याकाळी सराव म्हणून डोंगराच्या पायथ्यापर्यंत पळून आलो आणि दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. वर थंडीनं छाती भरली. सव्वीसला पहाटे सासूबाईंनी मला ओट्यावर बसवलं. नव्या हळदीचे दिवस. हिंगोलीकडे गुडघा दुखला तरी हळद, शिंक आली तरी हळद. त्यांनी वाटीभर हळद तेलात कालवली आणि पोटऱ्यांपासून सुरुवात करून छाती, पाठ, मान, कपाळ असं करत मला पार पिवळा करून टाकला. वर जावई डोंगराशी लढायला निघाला म्हणून ओवाळलं, कुंकू लावलं, अक्षता चिकटवल्या. शेवटी एका चाकूला लिंबू टोचून हातात दिलं. "चढावर मळमळलं तर कापून चोखा."

मी म्हटलं, एवढी माया कुठल्या जावयाला मिळते!

शाळेत झेंडावंदन झालं. माझ्या स्वेटरवर हनुमाननं एकोणतीस नंबरचा कागद टाचला. पिंपळाखाली खरोखरच एक बाज उभी करून ठेवलेली दिसली. तिच्याकडे मी पाहिलं नाही.

शिट्टी वाजली. पहिल्या वळणापर्यंत मी जोरात होतो. तिथं सत्यशीला उभी होती. घाम फुटला म्हणून मी स्वेटर काढून तिच्याकडे फेकलं आणि बनियनवर पुढे निघालो. मागून ती हातवारे करून ओरडत होती. मला वाटलं, कौतुक चाललंय. मी चाकू-लिंबू उंच करून दाखवलं. (नंबर स्वेटरवर होता. नंबर नाही तर शर्यत बाद. हे तिच्या लक्षात आलं, माझ्या नाही.)

तो डोंगर मी कसा चढलो, ते भवानीलाच माहीत. काही ठिकाणी पायांनी, काही ठिकाणी हातांनी आणि एका ठिकाणी पुढच्या पोराच्या पँटीला धरून. पण चढलो! ज्या पायरीवर माझे गुडघे बसले होते तिच्यासमोरून मी चालत गेलो आणि डोळे भरून आले. आता नुसता उतार. उतार तर दगडसुद्धा उतरतो.

सावरखेड्याच्या शिवेवर पाच-सहा बायका हळदीकुंकवाचं ताट घेऊन शिवेचा देव पुजत होत्या. त्यातली एक म्हातारी, पार्वतीबाई, हात आडवे करून वाटेत उभी राहिली.

"थांब रं! कुठं चाललास?"

"खाली. शाळेकडे."

"शाळेकडं? मग मांडव कुणासाठी घातला आमी?"

"कसला मांडव?"

"बघा गं बायांनो, इचारून राहिला कसला मांडव! अंगावरची हळद वाळली न्हाई आन् शिव वलांडून पळून चालला! माझ्या नातीत काय कमी हाये रं?"

तेव्हा मी पहिल्यांदा स्वतःकडे नीट पाहिलं. अंगभर हळद, कपाळाला अक्षता, हातात लिंबू टोचलेला चाकू. हळद लागलेल्या नवरदेवानं शीव ओलांडायची नसते आणि हातातलं लोखंड सोडायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी नेमकं लोखंड धरून शीव ओलांडली होती.

"अहो मावशी, मी नवरदेव नाही. मी शर्यतीत आहे."

"मग नंबर कुठंय? बाकीच्या पोरांच्या छातीवर नंबर हाये."

मी छाती चाचपली. छातीवर हळदच होती.

इतक्यात वरून सत्यशीला येताना दिसली. पदर खोचलेला, हात मोकळे राहावेत म्हणून माझं स्वेटर तिनं अंगात घातलेलं आणि पाय असे पडत होते, जणू तिच्या बापाची मेंढरं पुढे गेली आहेत. मला हायसं वाटलं.

"सोडा त्यांना!" ती ओरडली. "माझे मालक हायेत ते!"

पार्वतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तुझा नवरा? मग हळद कुणाच्या नावाची?"

"माझ्या आईनं लावली."

"अगं माय! तुझ्या सख्ख्या आईनंच ह्याचं दुसरं लावून दिलं?"

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. पूजेचं ताट खाली ठेवून बायका दगड शोधायला लागल्या होत्या. त्या उतारावर मी जो पळालो, तसा ऑफिस सुटल्यावरही कधी पळालो नाही. खाली एका शेतात हळद शिजत होती. तिथल्या कढईआड, वाफेत, मी जीव मुठीत धरून बसलो.

वाफ एवढी होती, की मधे कोण आलं-गेलं ते दिसलं नाही. थोड्या वेळानं हलगी ऐकू आली आणि वाफेतून पार्वतीबाईंचं तोंड पुढे आलं. ते हसत होतं.

"भिऊ नका पाव्हणं. तुमच्या बायकोनं समदं सांगितलं. आमचा नवरदेव जानवशात घोरत पडलाय. तरी म्या म्हणलं, पोरीच्या बापानं एवढा जुना नवरदेव काहून पसंत केला! चला, तुमाला तकलीफ दिली, वाजतगाजत पोचवतो."

आणि खरंच पोचवलं. पुढे हलगी, मागे बायका, मधे मी. पाय थरथरत होते, पण ते माझेच होते. शाळेच्या दारातून मी आत आलो तेव्हा संपतराव पिंपळाखाली उभे होते. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "बाज घरी न्या रे." सासऱ्यांनी माझ्याबद्दल काढलेलं ते पहिलं चांगलं वाक्य. मला हुंदकाच आला.

तेवढ्यात माईकवर हनुमान ओरडला, "तिसरा नंबर! घोंगडीचं बक्षीस! नंबर एकोणतीस, विश्वंभर दाजी!"

मी चकित झालो. मग विचार केला, देवीच्या मनात आलं तर काहीही होऊ शकतं. केस सारखे करून पुढे गेलो. तर तिथं माझ्या स्वेटरात, छातीवर एकोणतीस नंबर लावून, सत्यशीला बशीतून चहा पीत होती. मी पुढेच असेन असं समजून ती मला गाठायला पळत सुटली होती, आणि वाटेत मी सापडेना, म्हणून तिनं बाकीच्यांना गाठलं होतं.

"नंबर त्यांचा हाये," ती कपाळाला हात लावून म्हणाली. "मी नुसती द्यायला आले."

मंडळात मोठी चर्चा झाली. शेवटी संपतरावांनी निकाल दिला, "पळालं कोण? तिलाच द्या." घोंगडी तिच्या खांद्यावर पडली. सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगतो, सगळ्यात जोरात मी वाजवल्या. माहेरच्या माणसांत तिला इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पुढच्या वर्षी ती स्वतःच्या नावानं पळणार आहे. तिच्या पोटऱ्यांना हळद चोळायची आणि पहिल्या वळणावर स्वेटर सांभाळत उभं राहायचं, ही कामं मंडळानं माझ्याकडे सोपवली आहेत.

परवा हिंगोलीच्या बाजारात पार्वतीबाई भेटल्या. मी छाती पुढे काढून विचारलं, "ओळखलं का मावशी?" मनात म्हटलं, आता तरी ते बाजेचं नाव पुसलं गेलं असेल.

"न वळखायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "एकोणतीस नंबरच्या बाईचं स्वेटर न्हाई का तुमच्या अंगात?"