टाकलंत की ठेवलंत?

लग्न होऊन पापडी गावात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या हातून कप फुटला. नव्या सुनेच्या हातून कप फुटणं म्हणजे काय, ते सुना झालेल्यांनाच कळेल. घर उठायच्या आत तुकडे पदरात घेतले आणि वाडीच्या कडेला उकिरड्यावर हळूच टाकले. तेवढ्यात केळींच्या आडून एक काळी छत्री वर आली. छत्रीखाली एक वाळकुडे गृहस्थ, धोतर-सदरा, खिशाला पेन. माझ्याकडे न बघता कपाच्या तुकड्यांकडे बघत त्यांनी विचारलं,

"टाकलंत की ठेवलंत?"

मी घाबरून म्हटलं, "टाकलं."

गृहस्थांनी वाकून कपाचा कान उचलला, धोतराच्या सोग्याला पुसला. "काय माणसं आहेत! चांगली वस्तू टाकून देतात," असं पुटपुटत ते निघून गेले. दुपारी सासूबाईंना हाक मारून त्यांनी मोठ्याने विचारलं, "वहिनी, त्या कपाची बशी कधी टाकणार?"

हे आमचे शेजारी जनूकाका. त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता, हे कबूल करते.

जनूकाका मुंबईत कुठल्याशा गोदामात तीस वर्षं बेवारस मालाचे कारकून होते. मालकाने 'टाकला' असं लिहून दिल्याखेरीज मालाला हात लावायचा नाही, असा तिथला नियम. नोकरी सुटली, नियम सुटला नाही. घरी बसल्यावर काका चित्रं करू लागले. रंगांची नव्हेत, टाकलेल्या वस्तूंची. चहाच्या खोक्याची फळी घ्यायची, सरस कढवायचा आणि कौलांच्या ठिकऱ्या, बिजागऱ्या, बटणं, बांगड्यांचे तुकडे चिकटवून आळीतलं एकेक घर उभं करायचं. ज्याचं घर, त्याच घरचा टाकलेला माल. दुसऱ्याचा चालत नसे. सरस कढू लागला की असा वास सुटे की मांजरंसुद्धा पलीकडच्या आळीत मुक्कामाला जात. त्यांच्या बायको, यमुनाकाकी, नाकाला पदर लावून म्हणत, "आज आमच्याकडं घराचं कालवन शिजतंय, जेवायला या!"

एकदा सासूबाईंनी चांगुलपणाने तडा गेलेली बरणी त्यांच्या हातात दिली. काका दोन पावलं मागे सरले.

"हे दिलेलं झालं, वहिनी. चालायचं नाही."

"मग काय करू? पाटावर बसवून ओवाळू?"

शेवटी सासूबाई बरणी घेऊन उकिरड्यापर्यंत चालत गेल्या, काका छत्री उघडून पाच पावलं मागे. सासूबाईंनी बरणी टाकली, काकांनी विचारलं, सासूबाई ओरडल्या, "टाकली, टाकली, टाकली!" मग काकांनी ती उचलली. "चांगली बरणी होती," असंही वर म्हणाले.

खरी रंगत यायची दिवाळीच्या पाडव्याला. त्या पहाटे आमच्याकडे बायका घर झाडून काढतात आणि तो केर, जुनी केरसुणी, फुटकं मडकं, वर एक मिणमिणती पणती, असं सगळं थाळी वाजवत नाक्यावर नेऊन टाकतात. घरातली पीडा बाहेर गेली. परतताना मागे वळून बघायचं नाही, बघितलं तर पीडा पाठोपाठ घरी येते. आता वर्षभरात एवढा अस्सल टाकलेला माल, तोही वाजवून टाकलेला, दुसरीकडे कुठे मिळणार? बायकांची पाठ वळली की काका पिशवी घेऊन हजर. एका पाडव्याला हे आळीला कळलं. म्हणजे कोणीतरी मागे वळून बघितलंच होतं, पण ते कबूल कोण करणार!

सासूबाई कमरेला पदर खोचून काकांच्या ओटीवर चढल्या. "सगल्या आळीची पीडा घरात भरतोय हा मानूस! यमुने, तुला चालतं कसं?"

"जागा हाय ना आमच्याकडं," यमुनाकाकी शांतपणे म्हणाल्या. "बस, चहा घे."

सासूबाई बसल्या नाहीत, कारण त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे आमचं घर होतं. कौलं कौलांचीच, अंगण त्या बरणीचं, दाराला कडी म्हणून माझ्या कपाचा कान. आणि विहिरीवर रहाटाचा आडवा दांडा म्हणून माझ्या सासऱ्यांच्या मोडक्या चष्म्याची काडी. सासरे जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. रहाटावर बैल हाकायला ते पहाटेपासून उभे असत, असं मी नुसतं ऐकलेलं. मी त्यांना कधी पाहिलं नाही. सासूबाई त्या काडीला बोट लावून किती तरी वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "खिडकी जरा डावीकडं होती," आणि घरी आल्या. पीडेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. माझाही राग त्याच दिवशी गेला.

चारपाच वर्षांत काकांची बहुतेक आळी करून झाली. एकच घर राहिलं होतं. मी विचारलं, "काका, तुमचं घर कधी करणार?"

"आमच्याकडे टाकलेलं काही नाही," काका म्हणाले. "यमुना टाकूच देत नाही."

काकी वारल्या त्यानंतर तर त्या घरातून काडी बाहेर पडेना. त्यांची वाकलेली पळी चुलीपाशी तशीच टांगलेली. त्यांचा एका काचेचा चष्मा पोथीवर. काका रोज दोन्ही वस्तू पुसत आणि जागच्या जागी ठेवत.

मग पापडीत बिल्डर फिरू लागले. काकांच्या मुलाने बोरिवलीत ब्लॉक घेतला आणि इथलं घर द्यायचं ठरवलं. मुलगा वाईट नव्हता. पण ब्लॉक दोन खोल्यांचा, त्याने सांगितलं, "बाबा, दोन ट्रंका आणा, बाकी भंगारवाल्याला." दिवाळी झाली की घर पाडणार होते. काकांना ट्रंकांचं काही नव्हतं. त्यांना जाण्याआधी ते एक चित्र करायचं होतं, आणि नियमाप्रमाणे त्याचा माल त्यांच्याकडे नव्हता. पळी घेऊन त्यांना उकिरड्यावर जाताना मी स्वतः चारदा पाहिलं. चारही वेळा पळी घेऊनच परत आले. मी एकदा सांगून पाहिलं, "काका, तुमचंच घर, तुमचीच पळी, लावा की सरळ!" काका माझ्याकडे असे बघत राहिले, जशी काही मी, शाळेतली मास्तरीण, मुलांना कॉपी करायला शिकवत होते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ते आमच्या ओटीवर आले. हातात रुमालाचं गाठोडं.

"मास्तरीणबाई, एक काम होतं. उद्या तुमच्या केराबरोबर एवढं टाकाल का? माझा हात होत नाही."

गाठोड्यात पळी होती, चष्मा होता आणि हिरव्या बांगडीचे दोन तुकडे. मी गाठोडं घेऊन मान डोलावली.

पहाटे केर भरताना मी गाठोडं टोपलीत ठेवायला गेले, तर सासूबाईंनी माझा हात धरला. "यमुनाला केरात घालतेस?" त्यांनी वाडीतून केळीचं पान कापून आणलं, धुतलं आणि वस्तू त्यावर मांडल्या. नाक्यावर त्यांनी केर टाकला, थाळी वाजवली. मी पान बाजूला, स्वच्छ जागा बघून, दोन्ही हातांनी खाली ठेवलं.

छत्री आधीपासून उभीच होती.

"टाकलंत," काकांनी विचारलं. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "की ठेवलंत?"

आता ते ठेवलेलं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण मी 'ठेवलं' म्हटलं असतं, तर हा माणूस रिकाम्या हाताने परत गेला असता.

"टाकलं, काका," मी म्हटलं. वर्गातल्या पोरांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरून उभी करणारी मी.

आम्ही दोघी वळलो. दहा पावलं गेलो असू. सासूबाईंच्या हातातली थाळी वाजायची थांबली होती. मला राहवेना, मी मागे वळून बघितलं. शेजारी बघते तो सासूबाईही वळलेल्या.

काका पानापाशी उकिडवे बसले होते. छत्री बाजूला पडली होती. चष्मा धोतराच्या सोग्याने ते पुसत होते, एक काच, मग काच नसलेली रिकामी जागासुद्धा, आणि स्वतःशीच रडत म्हणत होते,

"काय माणसं आहेत! चांगली वस्तू टाकून देतात."