सतरा क्रमांकाची बस सुरू झाल्याबद्दल

शहराच्या बससेवेला सर्वांत मोठा धोका धावणाऱ्या बसपासून असतो. धावणारी बस डिझेल पिते, टायर झिजवते, उशिरा पोहोचते आणि वर लोकांच्या शिव्या खाते. उभी बस यातलं काहीही करत नाही. आमच्या आगाराने हे तत्त्व फार आधी ओळखलं. आगारात बेचाळीस बसगाड्या आहेत. त्यांपैकी एकतीस या तत्त्वावर चालतात (म्हणजे उभ्या असतात). उरलेल्या अकरांचं मन वळवणं सुरू आहे.

मी तिथे आकडेवारी साहाय्यक आहे. पदार्थविज्ञानात पदवी घेतल्यामुळे स्थिर वस्तूंचा अभ्यास मला सोपा जातो.

निधीचा नियमही शास्त्रशुद्ध आहे. ज्या आगारात नादुरुस्त बस जास्त, त्याला दुरुस्तीचा निधी जास्त. त्यातून सुटे भाग येतात. ते आगारप्रमुख साहेबांचे साडू पुरवतात. खोकी सीलबंद असतात आणि सील तोडलं की हमी संपते, म्हणून चार वर्षांत एकही खोकं उघडलेलं नाही. (एकदा एक खोकं हातातून निसटलं. आवाज विटांसारखा आला. पण नोंदवहीत आवाजाचा रकाना नाही.)

एवढी घडी नीट बसलेली असताना मिस्त्रींनी घोळ घातला. मिस्त्री म्हणजे आगारातले सर्वांत जुने मेकॅनिक, निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. त्यांनी दोन उभ्या बसचे भाग काढून तिसरीला, सतरा क्रमांकाच्या बसला, बसवले. ती सुरू झाली. इतक्यावर भागलं असतं, पण ड्रायव्हरने ती रस्त्यावर नेली. सरकारी दवाखान्याच्या ज्या मार्गावर दोन वर्षं बस नव्हती, तिथे ती बावीस दिवस वेळेवर धावली.

परिणाम गंभीर झाले. त्या मार्गावर दोन वर्षांत एकही तक्रार नव्हती, बस आल्यावर पहिल्याच आठवड्यात एकोणीस आल्या (गर्दी असते: अकरा, खिडकी लागत नाही: सात, ड्रायव्हर उगाच हसतो: एक). नादुरुस्त बस तीसवर आल्या आणि निधीला कात्री लागली. साडूंना बरं वाटेनासं झालं.

साहेबांनी मिस्त्रींना बोलावलं.

"बस चालू करायला कुणी सांगितलं होतं?"

"बिघडली होती, साहेब."

"मग? तुम्हाला चावत होती का?"

"मी मेकॅनिक आहे, साहेब."

"तेच तर! पस्तीस वर्षं झाली, अजून तेच धरून बसलाय!"

चौकशी लागली. दोषी ठरले तर बडतर्फी, आणि पेन्शनवर पाणी. घरीही त्यांची बाजू कुणी घेतली नाही. "आपला पंखा दोन वर्षं ढिम्म हलत नाही," बायको म्हणाली, "आणि लोकांची बस बरी हलवलीत!"

आमची संस्था मात्र न्यायी आहे. बसचा उपयोग झाला, असं एका तरी प्रवाशाने लेखी कळवलं तर आरोप मागे घ्यायचे, असं ठरलं. त्या मार्गावरच्या अकराही थांब्यांवर सूचना लागली. खाली पेटी, कागद आणि दोरीला बांधलेलं पेन. मुदत सात दिवस. वाचणारे मोजायचं काम माझ्याकडे होतं.

सूचना २,३१६ जणांनी वाचली. त्यांपैकी ६४० जणांनी फोटो काढून पुढे पाठवला. १,२०४ जण "अरेरे" म्हणाले. एक आजी तर डोळे पुसत म्हणाल्या, "देवमाणूस हो! त्यांच्यामुळे माझं औषध चुकलं नाही. कुणीतरी लिहायला पाहिजे." पेन त्यांच्याच हातात होतं. त्यांनी ते मागच्या गृहस्थांना दिलं, गृहस्थांनी त्यांच्या मागच्यांना. सातव्या दिवशी अकराही पेनांतली शाई एक मिलिमीटरही उतरलेली नव्हती (मोजपट्टीने मोजली). मी स्वतः लिहिलं नाही, कारण मोजणाऱ्यानेच भाग घेतला तर आकडे अशुद्ध होतात.

मिस्त्री बडतर्फ झाले. सतरा क्रमांकाची बस पुन्हा आगारात सुरक्षित उभी आहे.

त्यांनी अपील केलं आहे. नियमाप्रमाणे अजूनही एका ओळीचं पत्र पुरेल. मुदत उद्या संध्याकाळी पाचपर्यंत आहे. हे ऐकून तुम्ही आत्ता मनातल्या मनात जे म्हणालात, ते मी टिपून घेतलं आहे. आकडा १,२०५ झाला.