महाराजांना शेवट सांगू नका

एका जंगलात सिनेमाचं वेड शिरलं.

जंगलात सिनेमा कसा, असं विचारू नका. पाणवठ्यासमोर एक पांढराशुभ्र कडा होता. तिन्हीसांजेला काजवे जमून त्यावर उजेड पाडायचे, पोपट आवाज द्यायचे आणि कड्यावर चित्रं हलायची. कशी हलायची ते मलाही ठाऊक नाही. बोलणारा सिंह तुम्हाला चालतो ना? मग हलणाऱ्या चित्रांनी काय तुमचं घोडं मारलंय?

तर बाळांनो, या जंगलाचा राजा होता उग्रसेन सिंह. आयाळ भरघोस, अक्कल बेताची. सिनेमा त्याला जीव की प्राण. फक्त एक अडचण होती. महाराज जेवून यायचे. त्यामुळे सिनेमा रंगात आला की त्यांचा डोळा लागायचा. आजवर त्यांनी एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता.

एकदा मध्यंतरातच साळुंकी फांदीवरून ओरडली, "विष सशानंच घातलंय! मी कालच बघितलाय!"

महाराज खवळले. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम काढला, "या जंगलात जो शेवट सांगेल, त्याला मी खाईन."

साळुंकी कशीबशी उडाली. शेपटीची पिसं मात्र मागे राहिली.

हुकूम सिनेमापुरताच होता, पण प्रजा फार आज्ञाधारक. राजानं वाक म्हटलं की ती लोटांगण घालायची. हळूहळू त्या जंगलात कुणी कसलाच शेवट सांगेना. हरणी पाडसांना अर्ध्यावर सोडलेल्या गोष्टी सांगू लागल्या. कुणी विचारलं, "काय हो, तुमच्या आजोबांची तब्येत कशी आहे?" तर उत्तर यायचं, "छे छे, शेवट सांगायचा नसतो." मग समोरचा घाईघाईनं माफी मागायचा. ही तिथली सभ्यता झाली.

त्या जंगलात सिनेमे काढायचा विसूभाऊ कोल्हा. अंगानं किरकोळ, गळ्यात रुमाल, बोलणं असं की मध सांडावा. त्यानं नवा सिनेमा आणला. नाव होतं 'गंमत की गळफास'.

सिनेमा एका अस्वलाचा होता. अस्वल सकाळी फिरून घरी येतं, तर त्याच्या गुहेत दुसरंच अस्वल बसलेलं. बायको विचारते, "कोण तुम्ही?" रोजच्या ओळखीच्या मधमाश्या त्याला हाकलून लावतात. ते ज्याला त्याला विचारत सुटतं, "अरे, हा खेळ आहे की खरं आहे?" आणि जो तो नुसता डोळा मिचकावतो. बघणाऱ्यांना घाम फुटला. सशांनी एकमेकांचे कान आवळून धरले. अस्वल कड्याच्या टोकावर जाऊन उभं राहिलं, आणि...

आणि महाराज घोरू लागले.

जागे झाले तेव्हा काजवे विझले होते. एक म्हातारी नीलगाय डोळे पुसत होती.

"शेवटी खेळच निघाला ना?" महाराजांनी विचारलं.

नीलगाईनं तोंड फिरवलं.

"खेळच असणार! नायकाचं कधी वाईट होतं का?" महाराजांनी स्वतःच ठरवून टाकलं. "टाळ्या वाजल्या असतील, सगळे झुडपांमागून बाहेर आले असतील. फसवलं की नाही, म्हणाले असतील. हो की नाही, विसूभाऊ?"

विसूभाऊ जमिनीकडे बघत म्हणाला, "महाराज, शेवट सांगायला बंदी आहे."

"शाब्बास!" महाराज खूश झाले. "असाच खेळ माझ्याबरोबर कर. मला थरार पाहिजे. राजा होऊन बसलो, पण आयुष्यात काही घडतच नाही."

मंजुळाराणी शेजारीच होती. नाव मंजुळा असलं तरी तिच्या डरकाळीनं आंब्याचा मोहोर गळायचा. ती म्हणाली, "अहो, सुखाचा जीव दुःखात कशाला घालताय? आणि खेळायचंच असेल तर निदान टाइमप्लीज तरी ठेवा. म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं."

"बाईसाहेब," विसूभाऊ हात जोडून म्हणाला, "टाइमप्लीज असेल तर थरार कसला? खेळ कधी सुरू झाला ते महाराजांना कळता कामा नये. संपला की मात्र कळेल. सगळे टाळ्या वाजवतील."

"टाळ्या! बास, ठरलं," महाराज म्हणाले.

आणि बाळांनो, पुढच्याच आठवड्यात महाराज सकाळी फिरून गुहेकडे आले, तर सिंहासनाच्या खडकावर विसूभाऊ बसलेला. दोन्ही बाजूंना तरसं उभी.

"कोण तुम्ही?" विसूभाऊनं विचारलं.

महाराजांना इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. "मी राजा उग्रसेन!" ते खोटं खोटं गरजले.

"असा कुणी राजा आम्हाला माहीत नाही. हाकला याला."

तरसांनी महाराजांना ढकलत पाणवठ्यापर्यंत नेलं. एकानं मांडीचा चावा घेतला. रक्त आलं. महाराज लंगडत थांबले आणि त्या तरसाला म्हणाले, "छान करतोस. फक्त गुरगुरताना डोळे जरा बारीक कर. अजून भीती वाटेल."

तरस गोंधळलं. त्यानं डोळे बारीक केले आणि पुन्हा चावलं.

आता खरं सांगायचं, तर विसूभाऊच्या मनातही सुरुवातीला वाईट काही नव्हतं. तो खडकावर खोटं खोटंच बसला होता. पण खडक खरा होता. त्यावर पडणारं कोवळं ऊन खरं होतं. समोर वाकणारी हरणं जरी अभिनय करत होती, तरी वाकलेल्या माना खऱ्याच दिसत होत्या. दुपारी तरसांनी शिकारीतला पहिला वाटा आणून ठेवला. तोही खराच होता आणि चविष्ट होता. संध्याकाळी टाळ्या वाजवायचं ठरलं होतं. विसूभाऊ म्हणाला, "आज नको. महाराज रंगात आलेत." दुसऱ्या दिवशीही तो हेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याला कुणी विचारलंच नाही.

पहिल्या राजाचे सगळे हुकूम त्यानं मोडीत काढले. एक मात्र ठेवला. कुठला ते तुम्हाला कळलं असेल.

महाराज, राणी आणि दोन छावे करवंदीच्या जाळीत राहू लागले. मंजुळा शिकार करायची आणि तरसं टोळीनं येऊन ती हिसकावून न्यायची. धाकट्या छाव्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. तो दिवसभर आईच्या पंज्यात डोकं घालून पडून असायचा.

"अहो," मंजुळा म्हणाली, "पोरं उपाशी आहेत. चला, आपण दोघं मिळून त्या कोल्ह्याला खडकावरून खाली ओढू. तो काय, तुमच्या एका पंज्याचा धनी. तुम्ही एकदा खरी डरकाळी फोडलीत तर तरसं पळून जातील."

"आणि खेळ बिघडवू?" महाराज दुखावले. "इतक्या जणांनी इतकी मेहनत घेतली आहे. धाकट्याकडे बघ जरा. एवढंसं पोर, पण उपाशी असल्याचं काय सोंग करतंय! माझ्यावर गेलंय."

मंजुळा त्यांच्याकडे बघत राहिली. तिला रडू आलं आणि रागही आला. नेमकं कशाचं जास्त, ते तिचं तिलाही कळेना.

ती प्रजेकडे गेली. हरणांना म्हणाली, "तुम्ही तरी सांगा त्यांना. हा खेळ राहिलेला नाही, एवढंच सांगा."

हरणं कानकोंडी झाली. "बाईसाहेब, ते शेवट सांगितल्यासारखं होईल."

"अगं, पण तुम्हाला हा कोल्हा राजा म्हणून हवा आहे का?"

"नको हो. परवा आमचं एक पाडस नेलं त्यानं. आम्हाला वाटलं, खेळातलंच असेल. परत देतील." हरणी इकडेतिकडे बघत कुजबुजली, "अजून दिलं नाही. पण विचारायचं कसं? चांगलं दिसत नाही ना ते."

मंजुळा साळुंकीकडे गेली. "तू तर तोंडाची फटकळ. तू सांग."

साळुंकीनं आपली बिनपिसांची शेपटी दाखवली. "बाईसाहेब, एकदा सांगून बघितलं. आता मला पिल्लं आहेत."

असे दिवस गेले. मग विसूभाऊला वाटू लागलं, की सिंह जाळीत असला तरी शेवटी सिंहच. कधी डोकं ताळ्यावर आलं तर पंचाईत. नदीपलीकडच्या गावात सर्कस आली होती. सर्कसवाल्यांनी जंगलाच्या कडेला पिंजरा लावून ठेवला होता. आत मांसाचा तुकडा, दाराला वर ओढलेली झडप. विसूभाऊनं ते पाहिलं आणि तो स्वतः जाळीपाशी आला. बऱ्याच दिवसांनी त्यानं 'महाराज' अशी हाक मारली.

"महाराज, आता शेवटचा प्रवेश. तुम्ही एका पिंजऱ्यात शिरायचं. ताठ मानेनं. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

"मग टाळ्या?"

"टाळ्या पक्क्या. माझा शब्द आहे."

आणि खरं सांगू का, विसूभाऊ आयुष्यात एवढं एकच खरं बोलला.

महाराजांनी आयाळ चाटून नीट केली. सगळं जंगल बघायला जमलं होतं. मंजुळा आडवी आली.

"अहो, थांबा! पिंजरा खरा आहे. दारही खरंच पडणार आहे. त्या अस्वलाचं काय झालं होतं ते तरी ऐका. त्या दिवशी तुम्ही झोपलात, म्हणून..."

"मंजुळा!" महाराजांनी दोन्ही पंजे कानांवर दाबले. "शेवट सांगू नकोस! हुकूम आहे माझा!"

"मग खा मला! मी सांगणारच. ते अस्वल..."

पण महाराज मोठमोठ्यानं गुणगुणू लागले. लहान मुलं नको ते ऐकू येऊ नये म्हणून करतात ना, तसं. गुणगुणत, कान झाकून, दोन पायांवर झोकांड्या खात जंगलाचा राजा पिंजऱ्यात शिरला. ताठ मानेनं जायचं मात्र राहून गेलं.

झडप खाली आदळली.

महाराजांनी प्रेक्षकांकडे वळून टाळ्यांची वाट पाहिली. हरणांनी माना खाली घातल्या. त्या म्हाताऱ्या नीलगाईनं डोळे पुसले. विसूभाऊ कधीच निघून गेला होता. त्याची जेवायची वेळ झाली होती.

मंजुळानं दोन्ही छाव्यांना घेतलं आणि ती डोंगरापलीकडच्या रानात गेली. तिथे सिनेमा नव्हता. शिकार होती. धाकटा छावा महिन्याभरात धष्टपुष्ट झाला आणि भावाचे कान चावू लागला.

पण नवरा म्हटला की जीव तुटतोच, कसाही असो. एके दिवशी भर दुपारी मंजुळा गावाच्या कडेकडेनं सर्कशीच्या तंबूमागे गेली. मनाशी ठरवूनच गेली होती. आता सगळं सांगायचं. अस्वल, कोल्हा, पाडस, सगळं. निदान माणसानं, म्हणजे सिंहानं, कुठे आहोत ते तरी समजून घ्यावं.

आतून बँडचा आवाज येत होता. मग एकदम टाळ्यांचा कडकडाट झाला. नुसता नाही, शिट्ट्यांसकट. थोड्या वेळानं पिंजरा मागच्या बाजूला ढकलत आणला गेला.

उग्रसेन महाराज वाळले होते. आयाळ एका बाजूनं जळली होती. जळत्या चक्रातून उडी मारली की असं व्हायचंच. पण मंजुळाला बघून त्यांचा चेहरा असा उजळला, की लग्नातसुद्धा तेवढा उजळला नव्हता.

"ऐकल्यास?" ते धापा टाकत म्हणाले. "मी म्हटलं होतं ना! टाळ्या वाजल्या. रोज वाजतात. हजार माणसं उभी राहून वाजवतात. संपला गं खेळ. आपण जिंकलो." मग गजांना नाक लावून हळूच विचारलं, "आता घरी कधी जायचं? धाकटा जेवतो का नीट?"

मंजुळानं तोंड उघडलं. सगळं सांगायचं होतं. तिनं ती जळकी आयाळ बघितली.

"जेवतो," ती म्हणाली. "दोघंही जेवतात."

"आणि घरी?"

"उद्या जाऊ," मंजुळा म्हणाली. "उद्याच्या टाळ्या झाल्या की."

"हां, ते बरोबर. अर्ध्यात उठून जाणं बरं दिसत नाही," महाराज म्हणाले. त्यांनी पंज्यांवर डोकं ठेवलं आणि सवयीप्रमाणे त्यांचा डोळा लागला.

तात्पर्य : शेवट कुणालाही सांगू नये. ज्याचा तो शेवट आहे, त्याला तर मुळीच सांगू नये.