फिक्रीच्या वादनातली खाच

२००६ सालची गोष्ट. कैरोत, शुब्राच्या आमच्या गल्लीत तोवर घरोघरच्या कॅसेट भंगारात निघाल्या होत्या आणि टीव्हीखाली डीव्हीडीचे प्लेअर येऊन बसले होते. हज करून आलेल्या हज्जा इनआमकडे तो सगळ्यांच्या आधी आला, म्हणून सगळ्यांत जुनाट प्लेअरही तिच्याचकडे. तिच्या धाकट्या बहिणीनं, अतियातनं, तो पोर्ट सईदहून आणला होता आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे.

इनआम एके काळची गायिका. एकाहत्तर साली तंताच्या नाट्यगृहात ती गायली, तेवढी एकच मैफल फिल्मवर उतरली होती. तिचा नवरा फिक्री तिच्याच साथीला बसून कानून वाजवायचा. ते तारांचं वाद्य मांडीवर घेऊन, मान खाली घालून. त्या मैफलीच्या मध्ये त्यानं एकट्यानं जे वाजवलं तसं पुन्हा कुणी वाजवलं नाही, असं म्हणत. पण ते अख्खं ऐकलं होतं फक्त त्या दिवशी तंताला हजर असलेल्यांनी. रेकॉर्ड निघाली, तर ऐन वादनात तिची पहिली बाजू संपली. कॅसेट निघाली, तर फीत उलटायची वेळ तीच. पुढं टीव्हीवर मैफल दाखवली, तेव्हा फिक्रीची बोटं रंगात आली आणि अजान सुरू झाली. अजानीवर काही रुसता येत नाही. फिक्री मुकाट्यानं नमाजाआधीची वजू करायला, हातपाय धुवायला उठला.

आता त्याचे हात कापत. चहाचा पेला तो दोन्ही हातांनी धरी. एकदा ते वादन सलग ऐकावं, असं त्याच्या फार मनात होतं, पण बोलून दाखवायचा त्याचा स्वभाव नव्हता. इनआमचा होता.

"वग्दी," तिनं मैफलीची डीव्हीडी काढायला घेतलेल्या स्टुडिओवाल्या वग्दीला बजावलं, "ह्या तबकडीला उलटी बाजू नाही ना? मधे उठून काही फिरवावं लागणार नाही ना?"

"नाही हज्जा! एका बाजूला सगळी मैफल," वग्दी म्हणाला, आणि तिथंच फसला.

कारण इनआमची डीव्हीडी निघतेय म्हटल्यावर गल्लीतल्या प्रत्येकाला तीत शुभेच्छा द्यायच्या होत्या. एकाला घेतलं आणि दुसऱ्याला वगळलं तर दुसरा उद्या मयतीलाही यायचा नाही. म्हणून वग्दीनं खाटकाला घेतलं, औषधवाल्याला घेतलं, इस्त्रीवाल्याला घेतलं. अतियात नवा रुमाल बांधून आली आणि बहिणीच्या गळ्याचं कौतुक करता करता आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर गेली. शेवटी खुद्द इनआमनं भाषण केलं. त्यात तिनं कवीचे आभार मानले, गव्हर्नरांचे मानले, शिंप्याचे मानले, घशाच्या डॉक्टरांचे तर दोनदा. फिक्रीचं नाव नव्हतं. घरच्या माणसाचे चारचौघांत कुणी आभार मानतं का?

नमुन्याची तबकडी आली त्या दिवशी सगळी गल्ली इनआमच्या बैठकीत जमली. शुभेच्छा झाल्या, भाषण झालं, मैफल सुरू झाली. पडद्यावरच्या फिक्रीनं मान खाली घातली, तारा छेडल्या, सूर चढत गेले आणि चित्र जागच्या जागी थिजलं. आवाज बंद. मग एक झटका खाऊन पुन्हा सुरू.

फिक्रीनं चहाचा घोट घेतला. "ओळख पटली," तो म्हणाला. "माझंच वादन आहे."

इनआमनं वग्दीचा कान धरायचाच तेवढा बाकी ठेवला. "एका बाजूला सगळी मैफल म्हणालास ना?"

"एकच बाजू आहे हज्जा, पण थर दोन आहेत! आपली बलदी भाकरी नसते का, बाहेरून एक आणि आत दोन पापुद्रे? तसं. पहिला थर संपला की प्लेअरला दुसऱ्या थरावर नजर बसवावी लागते. तेवढ्यात तो अडखळतो. प्रत्येक दोन थरी तबकडीत ही खाच असतेच."

"मग खाच दुसरीकडं ने! माझ्या गाण्यात ने!"

"नेता येत नाही. पहिल्या थरात मावेल तेवढंच मावतं, आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा चालत नाही. आपण तबकडी गच्च भरलीय, त्यामुळं खाचेला हलायला जागाच नाही. सुरुवातीच्या शुभेच्छा कमी केल्या तर मैफल अलीकडं येईल आणि वादन अख्खं पहिल्या थरात बसेल."

"सगळं थोडं दाबून बसव की," अतियात म्हणाली.

"दाबलं तर चेहरे पुसट होतात, मावशी."

"मग नको."

"तुमच्या शुभेच्छा मैफलीनंतर टाकू का?"

"मैफलीनंतर? लोक झोपायला गेल्यावर? वग्दी, प्लेअर कुणी आणला होता ते विसरू नकोस."

तबकड्या छापणाऱ्या कारखान्याला दोन टेपा द्यायच्या होत्या, थरागणिक एक, आणि खाचेची जागा आखून द्यायची होती. एकदा साचा कापला की निघणारी प्रत्येक तबकडी तशीच. साचा सोमवारी कापायचा होता. वग्दी दारोदार फिरला. खाटीक म्हणाला, माझं अवश्य काप, पण आधी औषधवाल्याचं काप. औषधवाला म्हणाला, अतियातच्या गुडघ्यापेक्षा माझं लांब आहे का? अतियातला वाटलं, आपण आखडतं घेतलं असं लोक म्हणतील. तिनं स्टुडिओत येऊन आणखी चार शब्द जोडले. मग खाटकानंही जोडले. मैफल आणखी पुढं ढकलली गेली आणि खाच वादनाच्या बरोबर मधोमध येऊन बसली.

रविवारी वग्दी रडवेला होऊन इनआमच्या दारात उभा राहिला.

"हज्जा, तबकडी एका शब्दानंसुद्धा आता फुटेल. मी काय करू?"

आत फिक्री खिडकीशी बसला होता. "असू दे रे, बाळा," तो म्हणाला. "अर्धं ऐकायची सवय झालीय मला."

इनआमनं त्याच्याकडं पाहिलं. कापणारे हात त्यानं गुडघ्यांखाली दाबून ठेवले होते.

"माझं भाषण किती लांब आहे?" तिनं विचारलं.

"अतियातमावशींपेक्षाही लांब," वग्दी चाचरत म्हणाला.

"काढून टाक."

"शेवटी घालू का?"

"काढून टाक म्हटलं ना! त्यात महत्त्वाचं काही नव्हतं."

वग्दीनं हिशेब केला. भाषण गेलं तर वादन पहिल्या थरात बसत होतं, पण जेमतेम. खाच वादनाला अगदी चिकटून येणार होती. त्यानं नीट ऐकलं. वादन संपतं तिथं श्रोते ओरडायचंसुद्धा विसरले होते. सगळ्या मैफलीत तेवढीच एक शांतता होती. चित्रही हलत नव्हतं. त्यानं तिथं खाच आखली आणि टेपा पाठवून दिल्या.

तयार तबकडी आली तेव्हा पुन्हा सगळी गल्ली जमली. फिक्रीचे सूर चढले, वळले, उतरले आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत पोचले. फिक्रीच्या हातातला पेला गार झाला होता. मग शांतता आली, पडद्यावर इनआमचा चेहरा आला आणि तबकडी थांबली.

पडद्यावरची तरुण इनआम गाणं विसरून फिक्रीकडं बघत होती. तो जुनाट प्लेअर काही केल्या पुढं जाईना. तीही बघतच राहिली.

"अडकली रे!" अतियात ओरडली.

"नव्या प्लेअरवर एवढं थांबत नाही, देवाशपथ!" वग्दी घामाघूम झाला.

फिक्रीनं पेला खाली ठेवला. "इनआम, तू माझ्याकडं बघत होतीस?"

"मग कुणाकडं बघणार? सूर घ्यायचा होता तुझ्याकडून."

"सूर घेणारीचा चेहरा असा नसतो."

"तुला काय ठाऊक? तुझी मान कायम खाली," इनआम म्हणाली आणि कारण नसताना सरबत आणायला आत गेली.

प्लेअरची अशी अब्रू गेल्यावर अतियात गप्प बसणार नव्हती. आठवड्याच्या आत तिनं नवाकोरा प्लेअर आणून दिला. फिक्रीनं त्यावर एकदा मैफल पाहिली आणि तो परत खोक्यात भरला.

"काय बिघडलंय त्यात?" अतियातनं विचारलं.

"ह्याच्यात ती थांबतच नाही," फिक्री म्हणाला.

पुढं वग्दीच्या स्टुडिओत मोबाईलचं दुकान आलं. तो आता मुलीकडं मन्सूऱ्याला असतो आणि भाकरीचे दोन पापुद्रे सोलून नातवंडांना थर समजावतो. अतियात दुसऱ्याही गुडघ्याचं ऑपरेशन करून घेऊन शुभेच्छांची संधी शोधत असते. खाटीक आणि औषधवाला एकमेकांशी बोलत नाहीत. फिक्री गेला, त्याला बरीच वर्षं झाली.

जुना प्लेअर इनआमनं टाकला नाही. त्याचं दार आता विणायच्या सुईनं उघडावं लागतं. दर शुक्रवारी दुपारी ती मैफल लावते. वादन संपतं, तबकडी थांबते, आणि आमच्या भिंतीपलीकडून तिचा आवाज येतो.

"अरे, आता तरी वर बघ ना."